तिच्या ‘तू’ला हसू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत परदेशात वाढलेल्या मराठी मुलांच्या भाषेवरचा लेख वाचला. या मुलांची मराठी म्हणजे खिचडी, तिला ना व्याकरण ना शुद्धता, आणि आईवडिलांनी वेळीच लक्ष घातलं नाही म्हणून ही वेळ आली, असा त्याचा एकूण रोख होता. लेख दोनदा वाचला. दुसऱ्यांदा वाचताना माझी नात डोळ्यांसमोर आली आणि राहवेना, म्हणून हे पत्र. थोडं लांबेल, सांभाळून घ्यावं.

मी इस्राएलच्या दक्षिणेला, नेगेवच्या वाळवंटातल्या दिमोना गावात राहते. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. माझा जन्म अलिबागचा, इस्राएल आळीतला. 1969 साली, वयाच्या अठराव्या वर्षी, आईवडिलांबरोबर इथे आले आणि कापडाच्या गिरणीत कामाला लागले. आमच्या खात्यात मोरोक्कोहून आलेल्या बायका होत्या, त्या आपसात अरबी आणि फ्रेंच बोलायच्या. मुकादम रुमानियाचा होता. आम्ही पाच-सहा जणी कोकणातल्या. हिब्रू तिथे जन्मापासून कुणालाच येत नव्हती. सकाळी उल्पानमध्ये, म्हणजे नव्या लोकांसाठीच्या हिब्रूच्या वर्गात, जे शिकायचं ते दुपारी गिरणीत एकमेकींवर चालवून बघायचं. चूक झाली तर पलीकडची हात हलवून विचारायची, ‘म्हणजे काय?’ मग दुसऱ्या शब्दानं सांगायचं. तिथे मला कुणी हसल्याचं आठवत नाही, कारण सगळ्याच चुकत होतो. चार-पाच महिन्यांत मी भांडण्याइतकी हिब्रू बोलायला लागले.

मुलाच्या बाबतीत मात्र माझी चूक झाली. तो बालवाडीत गेला तेव्हा बाईंनी मला बोलावून सांगितलं की घरात फक्त हिब्रू बोला, नाहीतर मुलगा मागे पडेल. तो काळच तसा होता. ‘हिब्रू माणसा, हिब्रू बोल’ ही घोषणा तर राज्य स्थापन व्हायच्याही आधीची, 1920च्या दशकातली. मी शिकलेली नव्हते, बाई शिकलेल्या होत्या. मी ऐकलं. माझ्या मोडक्यातोडक्या हिब्रूत मुलाला जेवायला वाढलं, निजवलं, रागावले. आज तो चाळिशी ओलांडून गेला आहे. मी आणि त्याचे वडील मराठीत काहीही बोललो तरी त्याला सगळं समजतं, अगदी चिमटेसुद्धा, पण उत्तर कायम हिब्रूत. ‘आई’ हा एक शब्द तेवढा तोंडात राहिला.

नातीच्या वेळी मी कुणाला विचारलं नाही. तिचे आईवडील दोघेही बीरशेवाला पाळ्यांमध्ये काम करायचे, त्यामुळे शाळेत जाईपर्यंत ती दिवसभर आमच्याकडे असायची. मी तिच्याशी मराठीच बोलले. तिची दुसरी आजी तिची ‘सावता’, हिब्रूतली आजी, आणि मी ‘आजी’. तीन वर्षांची होईपर्यंत तिला पक्कं कळलं होतं की कुणाशी कुठल्या भाषेत बोलायचं. दार उघडताना एकाच दमात ती बापाला हिब्रूत आणि मला मराठीत सांगायची की बाहेर मांजर आलंय.

आता त्या खिचडीबद्दल. माझी नात कशी बोलते, ते सांगते. ‘आजी, ओटोबुसात मझगान नव्हता, मी घामानं भिजून गेले.’ ओटोबुस म्हणजे बस, मझगान म्हणजे एअर कंडिशनर. ‘कुपात होलीमचा तोर घेतलास का?’ म्हणजे दवाखान्याची वेळ ठरवलीस का. ‘मकोलेतातून दूध आणू?’ मकोलेत म्हणजे कोपऱ्यावरचं किराणा दुकान. हे शब्द आमच्याकडे मीच आणले, तिनं नाहीत. अलिबागेत मी दवाखान्याची वेळ कधी घेतलीच नव्हती, रांगेत बसायचो. मग त्या गोष्टीला माझ्याजवळ मराठी शब्द कुठून असणार? पण वाक्याकडे बघा. ‘ओटोबुसात’, ‘मकोलेतातून’. हिब्रू शब्दांना मराठीचाच प्रत्यय लागला, त्याआधी सामान्यरूपसुद्धा झालं. क्रियापद मराठी, वाक्याची चाल मराठी. पाहुणा शब्द आला आणि घरच्यासारखा पाटावर बसला. व्याकरण नसतं तर हे झालंच नसतं.

तिच्या चुकाही मी वर्षानुवर्षं ऐकत आले आहे. हिब्रूत दोनच लिंगं आहेत, नपुंसकलिंग नाही. पुस्तकाला हिब्रूत सेफेर म्हणतात आणि तो पुल्लिंगी, म्हणून ती म्हणते ‘तो पुस्तक कुठे गेला?’ हिब्रूत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांना एकच शब्द आहे, म्हणून मला सोबत न्यायचं असलं तरी म्हणते, ‘आम्ही जाऊ या का?’ ‘ळ’ तिला अजून जमत नाही. केळं आणि केलं तिच्या तोंडून एकसारखंच येतं. पण ‘मी जाते’ आणि ‘मी जातो’ यात ती आयुष्यात एकदाही चुकली नाही. हिब्रूतही बाई ‘होलेखेत’ म्हणते आणि पुरुष ‘होलेख’, त्यामुळे ती खूणगाठ तिच्या मनात आधीच बांधलेली होती. टोरोंटोला माझ्या भाचीची मुलं आहेत, त्यांची घराबाहेरची भाषा इंग्रजी. त्यांचं नेमकं इथेच अडतं. मुलगी म्हणते ‘मी येतो’. म्हणजे शेजारी कुठली भाषा आहे त्यावर चूक ठरते. मुलांच्या मनात आळस असतो म्हणून चुका होतात, असं ज्यांना वाटतं त्यांनी दोन देशांतल्या दोन मुलांना शेजारी बसवून ऐकावं.

आणि एक अडचण ‘तू’ची. हिब्रूत आदरार्थी बहुवचन नाही. बाईला ‘आत्’, पुरुषाला ‘अता’, मग समोर लहान मूल असो की पंतप्रधान. माझ्या नातीनं दोन वर्षं सैन्यात काढली, तिथे अधिकाऱ्यालाही नावानं हाक मारतात. घरात ती मला आणि आजोबांना ‘तू’ म्हणते. आम्हाला ते कधी खटकलं नाही, कोकणात आजी-आजोबांना ‘तू’च म्हणतात. ‘तुम्ही’ तिला शिकवायचं माझ्याकडून राहून गेलं, कारण तिच्या आयुष्यात मराठीत ‘तुम्ही’ म्हणावं असं माणूसच नव्हतं. तिची सगळी मराठी दोन म्हाताऱ्या माणसांपुरती होती.

सैन्यातून सुटल्यावर इथली पोरं लांबच्या प्रवासाला जातात, बरीचशी भारतातच जातात. ती म्हणाली, मी आधी आजीच्या गावी जाणार, मग हिमालयात. मागच्या हिवाळ्यात मी तिला घेऊन आले. गेटवेहून मांडव्याच्या बोटीत ती कठड्याला टेकून एक वाक्य घोकत होती. मी विचारलं तर लाजली. संध्याकाळी आम्ही एका जुन्या ओळखीच्या घरी गेलो. दहा-बारा माणसं जमली होती. घरातले आजोबा ऐंशीच्या पुढचे. नात सरळ त्यांच्यासमोर गेली, वाकली आणि बोटीत घोकलेलं वाक्य म्हणाली, ‘काका, तू कसा आहेस? तुझी तब्येत बरी आहे ना?’

घरात हशा पिकला. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, हे मला माहीत आहे. आजोबाही हसले. एकानं ‘तू कसा आहेस’ची नक्कल केली, तिच्या घशातल्या ‘र’सकट. मग एक सून तिच्याजवळ येऊन इंग्रजीत बोलायला लागली आणि त्यानंतर सगळेच तिच्याशी इंग्रजीत बोलू लागले. इंग्रजी ही माझ्या नातीची तिसरी भाषा, तीही शाळेतली. दोन तास ती हातात पेला धरून बसून राहिली. रात्री अंथरुणावर पडल्यावर तिनं मला हिब्रूत विचारलं, ‘मी काय वाईट बोलले?’ माझ्याशी ती हिब्रूत बोलली, ही पहिलीच वेळ. संपादक महाशय, मला ते वाक्य लागलं. तिची मराठी वीस वर्षं वाळवंटात तगली, ती अलिबागेत येऊन गप्प झाली.

दुसऱ्या दिवशी मी तिला मासळीबाजारात घेऊन गेले. माझा धाकटा भाऊ बरोबर होता, तोही आता सत्तरीचा. तिथल्या एका कोळणीनं तिच्याकडे बघून विचारलं, ‘कुनाची गो तू?’ नात म्हणाली, ‘मी आजीची.’ कोळणीनं मान डोलावली, जणू पुरतं उत्तर मिळालं, आणि पाटीतली मासळी दाखवायला लागली. नातीनं विचारलं, ‘ह्याला खवलं आहेत?’ आमच्या धर्मात खवलं आणि पर असलेलेच मासे चालतात, त्यामुळे ‘खवलं’ हा शब्द तिला लहानपणापासून येतो. त्या बाईलाही आमची रीत ठाऊक होती. तिनं सुरमई पुढे ओढली, नखानं खवल्यांवर उलटं खरवडून दाखवलं आणि ती कशी ओळखायची ते सांगत बसली. सांगताना तिनं वेग कमी केला नाही, आवाज चढवला नाही, इंग्रजी तर वापरलीच नाही. नातीला न कळलेला शब्द ती हातानं दाखवायची. अर्धा तास दोघी बोलत होत्या. आणि माझ्या सत्तरीच्या भावाला ती बाई ‘तू’च म्हणत होती. मला माझी आई आठवली. आईचं बोलणं त्या बाईच्या बोलण्याच्या किती जवळचं होतं! ‘अहो-जाहो’ची मराठी आम्ही नंतर शाळेत शिकलो. नातीनं आदल्या संध्याकाळी जे म्हटलं, ते अलिबागच्या बाजारात कुणाला खटकलं नसतं.

घरोघरी फोनवर जे चालतं, तेही याच जातीचं आहे. आमच्या कुटुंबाचा व्हॉट्सॲप गट आहे. दिमोना, अश्दोद, लोद, ठाणे, टोरोंटो. कुणी देवनागरीत लिहितं, कुणी रोमनमध्ये आणि इथली पोरं हिब्रू अक्षरांत मराठी लिहितात. हिब्रूत स्वर बहुधा लिहायचे नसतात, त्यामुळे ‘मला’ आणि ‘मेला’ सारखेच दिसू शकतात. एकदा पुतण्याच्या मुलानं लिहिलेलं वाचून माझ्या छातीत धस्स झालं, नंतर कळलं की त्याला फक्त भूक लागली होती. त्यात हिब्रू उजवीकडून डावीकडे, मराठी डावीकडून उजवीकडे. दोन्ही एका ओळीत आल्या की शब्द जागा सोडून इकडेतिकडे जातात. तरी पोरं लिहितात. मला हिब्रू आणि मराठी दोन्ही येतात म्हणून मी त्यांचं लिहिलेलं मोठ्यानं वाचते, मग सगळं कळतं.

अलिबागहून परतल्यावर नातीनं गटावर रोमनमध्ये चार ओळी लिहिल्या, प्रवास कसा झाला त्याच्या. खाली ओळीनं हसून डोळ्यांत पाणी आलेले पिवळे चेहरे आले आणि एकानं तिचं पूर्ण वाक्य शुद्ध करून पुन्हा टाकलं. तेव्हापासून ती गटावर मराठीत लिहीत नाही. मला एकटीला आवाजाचे निरोप पाठवते. ते मी एकही पुसलेले नाहीत. रात्री यजमान झोपले की ऐकते.

आमच्या समाजाला मिसळण्याची भीती वाटायचं कारणच नाही. आमचे पूर्वज गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले, असं आम्ही पिढ्यानपिढ्या सांगत आलो. येताना त्यांनी कुठली भाषा आणली ते विरून गेलं आणि कोकणची मराठी आमची झाली. तेल गाळायचा धंदा आणि शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव आम्हाला शनिवार तेली म्हणायचं. आडनावंही गावांची, पेणकर, दिवेकर, किहीमकर अशी. प्रार्थनेच्या जागेला जुनी माणसं मशीद म्हणायची. सणांची नावं तर बघा. रोश हशानाला, म्हणजे आमच्या नववर्षाला, माझी आजी नव्याचा सण म्हणायची. योम किप्पूर, आमचा प्रायश्चित्ताचा दिवस, म्हणजे दारफाळणीचा सण. पुरीमला होळीचा सण म्हणत, कारण तो साधारण त्याच दिवसांत येतो. आणि यरुशलेमचं मंदिर पडलं त्या दिवसाचा उपास, तिशा बआव, त्याला नाव बिरड्याचा रोजा. दुःखाचा दिवस यहुदी, ‘रोजा’ हा शब्द फारसी, आणि बिरडं आमच्या कोकणातल्या वालाचं. माझ्या आजीला यात काहीही मिसळलंय असं कधी वाटलं नाही. पुण्यात 1874 साली हग्गादा छापली, वल्हांडणाच्या, म्हणजे मिसरच्या गुलामीतून सुटल्याच्या सणाच्या, रात्री वाचायचं पुस्तक, हिब्रू आणि मराठी दोन्हींत. तिच्या चित्रांत सणाच्या बेखमीर भाकऱ्या करणाऱ्या बायका लुगडं नेसून बसल्या आहेत. त्या चित्रातली बाई मला अनोळखी वाटत नाही.

नातीला हे सगळं मी सांगत असते. एक गोष्ट तिची तिनंच शोधली. एकदा न्हाणीघरातून ओरडली, ‘आजी, साबण आणि सबोन एकच!’ हिब्रूत साबणाला सबोन म्हणतात. मग तिला नादच लागला. रस्त्यावरच्या ठेल्याला हिब्रूत दुखान म्हणतात, ते आपलं दुकान. मराठीत साबण बाहेरून आला, हिब्रूतही बाहेरून आला, आणि फिरत फिरत दोघे आमच्या न्हाणीघरात भेटले. त्या दिवशी तिला वाटलं की या दोन भाषा एकमेकींना आधीपासून ओळखतात.

सगळं ठीक चाललंय, असं मला म्हणायचं नाही. आमच्या इमारतीत एके काळी सात बायका मराठी बोलायच्या. संध्याकाळी पायऱ्यांवर बसलो की मोरोक्कोच्या शेजारणीलाही ‘बस गं’ आणि ‘पुरे’ कळायला लागलं होतं. आता दोघी उरलो. इस्राएलात ‘मायबोली’ नावाचं मराठी त्रैमासिक निघत आलं, त्याचे जुने अंक माझ्या कपाटात आहेत. नातीला त्यातली एक ओळ वाचता येत नाही. मी वाचून दाखवते, ती ऐकते. मी गेल्यावर ते अंक कोण वाचणार, हा प्रश्न मला रोज पडतो. देवनागरी शिकवायला हवी, व्याकरण सांगायला हवं, ‘तुम्ही’ही शिकवायला हवं. परत आल्यावर मी तिला शिकवलं, ती शिकली. तिला एवढंच समजावलं की काही माणसांना मराठीत अनेकवचन लागतं. आठ दिवसांत जमलं. पण गेलेला धीर आठ दिवसांत परत येत नाही, ते मी गेले कित्येक महिने बघते आहे.

म्हणून लेखकांना आणि आपल्या वाचकांना माझं एक मागणं आहे. आता सुट्ट्यांत बाहेरून मुलं येतील. त्यातलं एखादं मूल तुमच्यासमोर उभं राहून घोकलेलं मराठी वाक्य म्हणेल. ते चुकेल. त्याला मराठीतच उत्तर द्या. इंग्रजीत वळू नका. तुम्हाला वाटतं तुम्ही त्याची सोय करताय, पण त्याला वाटतं आपल्याला बाहेर काढलं. दुरुस्त करायचंच असेल तर आपल्या वाक्यात बरोबर रूप वापरा, त्याच्या कानाला ते कळतं. ‘तो पुस्तक कुठे आहे?’ विचारलं तर ‘ते पुस्तक ना? ते कपाटात आहे’ म्हणा. माझी नात अशीच शिकली. आणि नक्कल करू नका. आपण घरातल्यांची नक्कल प्रेमानं करतो हे त्या मुलाला कसं कळणार? ते आजच आलंय.

आपल्याकडेही एक मागणं आहे. या मुलांविषयी लिहून येतं, पण त्यांचं लिहिलेलं छापून येत नाही. पुरवणीचा एक कोपरा त्यांना द्या. दहा ओळी पुरे. रोमनमध्ये, हिब्रू अक्षरांत, आवाजात, कसंही पाठवोत, आपण देवनागरीत उतरवा. फक्त वाक्य शुद्ध करू नका. ‘तो पुस्तक’ तसाच राहू द्या. हिब्रू अक्षरांतलं वाचायला माणूस लागला तर मी आहे, मला वेळच वेळ आहे.

हे पत्र लिहितेय हे मी नातीला फोनवर सांगितलं. ती सध्या हैफाला शिकते. काल रात्री तिचा निरोप आला, सतरा सेकंदांचा, मागे ओटोबुसाचा आवाज. तो इथे जसाच्या तसा उतरवते: ‘आजी, त्या पेपरच्या काकांना विचार, मी पण एक पत्र लिहिला तर ते हसणार काय? तुम्ही नाही, ते. मी बरोबर बोलले ना? थांब, माझा स्टॉप आला.’

तिला काय सांगू, ते कळवावं.

आपली,
एक आजी
दिमोना, इस्राएल